परसातला माघ ते चैत्र : गोव्यातल्या घराभोवतीचा निसर्ग पाहणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात थंडी पडतेच कुठे? मग हिवाळा सरून वसंत आला हे ओळखायचं कशावरून?

थर्मामीटरवरून तरी नाही. किनाऱ्याकडच्या गावांत जानेवारीची पहाट साधारण १९ ते २१ अंशांवर उतरते. वाळपई, सांगे, नेत्रावळीकडे ती आणखी गार असते. दुपार मात्र तेव्हाही तिशीच्या पुढेच असते, आणि मार्चातही फार वेगळी नसते. बदलते ती रात्र. मार्च लागला की पहाटेची शाल सुटते, आणि पुढे पहाटेचं दवही कमी होत जातं.

पंचांगात माघ-फाल्गुन शिशिर आणि चैत्र-वैशाख वसंत असला, तरी परसात दोन्ही एकमेकांत मिसळून चालतात. आंब्याला मोहर पौषातच दिसतो, तर पिंपळाची तांबूस पालवी फाल्गुनात फुटते. म्हणून ‘वसंत आला’ अशी एक तारीख शोधत बसू नका. एकापाठोपाठ एक घडणाऱ्या गोष्टींची ती रांग असते आणि लक्ष ठेवायचं ते रांगेवर. ढोबळ क्रम असा: डिसेंबर-जानेवारीत आंबा आणि काजूचा मोहर, भिरंडीची (कोकमाची) फुलं, फणसाच्या खोडावरच्या कुयऱ्या. जानेवारीच्या अखेरीपासून पांगारा आणि सावर. फेब्रुवारी-मार्चात सुरंग, पळस आणि कोकिळेचा आवाज. शिगम्याच्या (गोव्यातल्या होळीच्या सणाच्या) आसपास करंज, पिंपळ, कुसुम यांची पालवी. एप्रिलमध्ये बहावा आणि दुपारी कान किटवणारे सिकाडा. तुमच्या वाड्यावर हा क्रम दहा-पंधरा दिवस मागेपुढे होईल. तो फरक टिपण्यासाठीच तर नोंद ठेवायची.

सुरुवात कधी करावी आणि किती वेळ द्यावा लागतो?

जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत. झाडांसाठी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, दहा मिनिटं पुरतात. पक्ष्यांसाठी आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी १५ मिनिटं, एकाच जागी बसून. बाल्कांव (घरापुढचा बसायचा ओटा) असेल तर त्याहून चांगली जागा नाही.

वेळ घड्याळाला बांधू नका, सूर्योदयाला बांधा. जानेवारीच्या मध्यात पणजीत सूर्य सातनंतर उगवतो. एप्रिलच्या मध्यात सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान. तुम्ही कायम साडेसातलाच बसलात तर जानेवारीत तुम्हाला पहाटगाणं ऐकू येईल, एप्रिलमध्ये नाही. आणि पक्षी कमी झाले असा चुकीचा निष्कर्ष निघेल. सूर्योदयानंतर पंधरा मिनिटांनी बसायचं, हा नियम ठेवा.

साहित्य काय लागतं?

वही, पेन्सिल, १० पट मोठं दाखवणारं घडीचं भिंग आणि जमल्यास ८×४२ ची दुर्बीण. पेन्सिलच घ्या, दवाने ओल्या झालेल्या कागदावर शाई पसरते. दहा किंवा बारा पटींची दुर्बीण घेण्याचा मोह टाळा. हाताचा कंप तेवढाच वाढतो, आणि माडाच्या गर्द सावलीत चित्र अंधारं दिसतं.

भिंग बहुतेकजण चुकीचं धरतात. ते पानाजवळ नाही, डोळ्याजवळ धरायचं, जवळपास पापणीला लावून. मग पान किंवा फूल हळूहळू भिंगाकडे आणायचं. साधारण अडीच सेंटीमीटरवर ते स्वच्छ दिसतं. तोंड उजेडाकडे असावं.

झाडांना क्रमांक द्या. खिळा ठोकू नका; सुतळीत पत्र्याची चकती ओवून फांदीला सैल बांधा.

नेमकं लिहायचं काय?

एका नोंदीचा नमुना:

‘१८ फेब्रुवारी, बुधवार, स. ७.१०. आंबा क्र. २. मोहर: भरपूर. कैरी: थोडी, वाटाण्याएवढी. कोवळी पानं: नाहीत. पिकली पानं: थोडी. तुडतुडे: आहेत. भुरी: नाही. काल रात्री ढग, पहाटे दाट दव.’

प्रमाणासाठी तीनच पायऱ्या पुरेशा आहेत: नाही, थोडं (झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा कमी भागावर) आणि भरपूर (त्याहून जास्त). ‘मध्यम’, ‘बऱ्यापैकी’ असले शब्द दुसऱ्या वर्षी तुमचे तुम्हालाच कळत नाहीत.

‘नाही’ ही नोंद सगळ्यात जास्त वगळली जाते आणि सगळ्यात जास्त लागते. ५ मार्चला सुरंग फुललेली दिसली, एवढंच लिहिलं तर ती कधी फुलली हे कळत नाही. २६ फेब्रुवारीला ‘कळी नाही’ असं लिहिलेलं असेल, तर घटना सात दिवसांत बंदिस्त होते.

झाडं किती निवडायची? चार ते सहा. वीस झाडांची यादी फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बंद पडते. आंबा, फणस, काजू यांपैकी दोन, पान झडणारं एक (सावर, पांगारा किंवा पिंपळ) आणि फूल सतत देणारं एक, उदाहरणार्थ जास्वंद, तुलनेसाठी.

आंब्याला मोहर तर लगडला, पण तो काळवंडून झडतोय. का?

आधी हे समजून घ्या की बहुतेक मोहर झडण्यासाठीच असतो. एका तुऱ्यावर शेकड्यांनी, कधी हजारांवर फुलं असतात आणि हाती लागतात दोन-चार कैऱ्या. कारण भिंगातून दिसतं. फूल जेमतेम सहा-सात मिलिमीटरचं. पाच पाकळ्या, त्यांवर पिवळ्या उभ्या रेषा. फूल जुनं होईल तशा त्या गुलाबी होतात. मधोमध पिवळसर मांसल चकती. त्या चकतीवर हिरवट-पिवळा गोल मणी बसलेला दिसला आणि बाजूला गुलाबी टोकाचा एकच ठळक पुंकेसर असला, तर ते द्विलिंगी फूल. कैरी तिथेच धरू शकते. मणी नसेल तर ते नुसतं नरफूल, परागकण देऊन गळायचं. एका तुऱ्यावरची पन्नास फुलं अशी तपासून पाहा. मानकुराद आणि शेजारच्या रायवळ आंब्यातलं प्रमाण वेगळं निघेल.

नैसर्गिक गळ सोडली तर दोन शत्रू. पहिला तुडतुडा: पाचरीच्या आकाराचा, करडा-तपकिरी, चार-पाच मिलिमीटरचा. फांदीला हात लावला की टपटप उडतात. ते रस शोषतात आणि चिकट गोड पाणी सोडतात. खालची पानं तेल लावल्यासारखी चमकू लागतात आणि पंधरवड्यात त्यांवर काळी बुरशी चढते. काळं दिसतं ती काजळी; मूळ दुखणं तुडतुड्याचं. दुसरा शत्रू भुरी: तुऱ्याच्या देठावर पांढरी पूड, मग फुलं तपकिरी होऊन वाळतात. ढगाळ रात्र आणि पहाटेचं धुकं दोघांनाही मानवतं. अवेळी पाऊस झालाच तर करप्याचे काळे ठिपके तिसरे. म्हणून नोंदीत ढग आणि दव लिहायला सांगितलं.

फवारायचंच असेल तर भुरीसाठी पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, १० लिटर पाण्याला २० ग्रॅम, ऊन उतरल्यावर. कडक उन्हात गंधकाने मोहर भाजतो. फुलं पूर्ण उमलली असताना काहीच फवारू नये, कारण आंब्याचं परागीभवन मुख्यतः माश्या करतात: घरमाशीच्या जातीतल्या, फुलमाश्या, आणि त्यांच्या जोडीला छोट्या मधमाश्या. मोहरावर माश्या घोंगावतात म्हणून नाक मुरडणारे लोक पुढे मे महिन्यात कैऱ्या का नाहीत म्हणून विचारतात!

फणसाच्या लहान कुयऱ्या काळ्या पडून, बुरशी येऊन गळतात. झाड मरणार का?

नाही. गळतात ती फळं नव्हेतच. फणसाला नर आणि मादी कणसं वेगवेगळी येतात. नर कणीस लहान, गुळगुळीत, अंगठ्यापेक्षा थोडं मोठं, बारीक देठाचं आणि बहुधा टोकाकडच्या बारीक फांद्यांवर. त्यावर पिवळसर पराग येतो, काम संपलं की ते मऊ पडतं, काळी बुरशी धरतं आणि गळतं. मादी कणीस खोडावर किंवा जाड फांदीवर, जाड देठाचं, आणि देठ जिथे फळाला मिळतो तिथे हिरवी कडी असते. अंगावर बारीक काटेरीपणा आधीपासून हाताला लागतो.

कडीवालं काळं पडलं तर चिंता करा. खोडाजवळ ओल साचत असेल किंवा कुयरी दोन फांद्यांत चेपलेली असेल तर तसं होतं. काळी पडलेली काढून दूर टाका.

काजूचं बी आधी येतं की बोंडू?

बी आधी, आणि हे आठवड्याच्या आठवड्याला पाहण्यासारखं आहे. फूल उमलतं तेव्हा पांढुरकं असतं, एक-दोन दिवसांत गुलाबी-लाल होतं. म्हणून एकाच तुऱ्यात दोन्ही रंग दिसतात. फळ धरलं की हिरवं बी झपाट्याने वाढतं आणि साधारण महिन्याभरात पूर्ण आकाराला येतं. तोपर्यंत त्याचा देठ नुसता देठच असतो. मग बी कडक होऊन किंचित आकसतं आणि शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत तो देठ फुगून बोंडू होतो. फुलापासून पिकलेल्या बोंडूपर्यंत सुमारे दोन महिने. एकाच तुऱ्याला दोरा बांधा आणि दर रविवारी बी व देठ दोन्ही मोजपट्टीने मोजा. मुलांसाठी याहून चांगला प्रयोग नाही. कच्च्या बियांच्या सालीतला चीक कातडी भाजतो, हे त्यांना आधी सांगा.

तुरा जळाल्यासारखा तपकिरी होऊन वाळला तर ते ढेकण्या या रस शोषणाऱ्या किड्याचं काम. कोवळ्या देठावर तो सोंड खुपसतो तिथे आधी पाणीदार, मग काळा डाग उठतो.

काजूवर हुमल्यांची (पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्यांची) घरटी झाली आहेत. काढून टाकावीत का?

शक्यतो नको. हुमले ढेकण्याला आणि पानं खाणाऱ्या अळ्यांना पिटाळतात, त्यामुळे ज्या काजूवर त्यांचा वावर असतो तिथे हे नुकसान कमी दिसतं. काढणीच्या वेळी चावतात हे खरं. त्या सकाळी लांब आकडीने बोंडू पाडा.

घरटं बांधताना पाहायला मिळालं तर अर्धा तास तिथेच थांबा. कामकरी ओळीने उभे राहून दोन पानांच्या कडा जवळ ओढतात. अंतर मोठं असेल तर एकमेकांच्या कंबरेला धरून साखळी करतात. मग दुसरे कामकरी तोंडात पांढरी अळी धरून येतात आणि तिचं डोकं या कडेला, त्या कडेला टेकवत नेतात. रेशीम अळीच्या तोंडातून येतं. मुंग्या स्वतः ते काढू शकत नाहीत.

सावर आणि पांगारा पानं टाकून का फुलतात? झाड वाळलंय की जिवंत आहे, कसं ओळखावं?

पावसाळा संपून तीन-चार महिने होतात, वरची माती कोरडी पडते, आणि पानांतून होणारा पाण्याचा खर्च टाळण्यासाठी ही झाडं पानं गाळतात. उघड्या फांद्यांवरची लाल फुलं पक्ष्यांना लांबून दिसतात. बियाही पावसाच्या आत तयार होतात: सावरीची बोंडं एप्रिलच्या सुमाराला फुटून कापूस उडतो.

जिवंतपणा तपासायला पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची साल नखाने किंचित खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर झाड ठीक.

फुललेली सावर सापडली तर त्या आठवड्यात बाकीच्या नोंदी मागे पडल्या तरी चालतील. सूर्योदयानंतरच्या दोन तासांत १५ मिनिटं खाली बसा आणि कोण कोण येतं ते लिहा: साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, पर्णपक्षी, सूर्यपक्षी, कावळे, खारी, आणि नशीब असेल तर पळसमैनांचा थवा. खाली पडलेलं एक फूल उचला. पाच जाड, मेणचट पाकळ्या, मध्ये पुंकेसरांचे गुच्छ. पाकळ्या ओढून काढल्या की तळाशी पेल्यात मध साठलेला दिसतो. साळुंकीच्या कपाळाला पिवळी पूड का लागते, ते तिथे उलगडतं.

सुरंगीची फुलं कधी पाहायची?

फेब्रुवारी-मार्चात, आणि तेही उजाडायच्या आत. वळेसर (गजरे) करणारे उमलण्याआधीच कळ्या उतरवतात. नऊ वाजता गेलात तर झाडावर फक्त उरलीसुरली फुलं आणि मधमाश्या असतील. कळ्या पानांच्या शेंड्यावर नाही, जुन्या जाड फांद्यांवर थेट फुटतात. नवशिके शेंडे बघून ‘फूल नाही’ असं लिहून परत येतात.

यंदा कोकीळ लवकर आली म्हणतात. ती येते कुठून?

कुठूनही नाही. गोव्यात कोकीळ बारा महिने असते. थंडीत गप्प असते इतकंच. फेब्रुवारीपासून विणीच्या तयारीत नर ‘कुऊ-कुऊ’ सुरू करतो आणि आपल्याला वाटतं पाहुणी आली. म्हणून वहीत ‘कोकीळ आली’ असं नको, ‘पहिला कुऊ’ असं लिहा. गाणारा नर काळा, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची आणि तिचा आवाज घाईचा ‘किक्-किक्-किक्’. ती कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, त्यामुळे कावळ्यांनी काड्या जमवायला घेतल्याची तारीख शेजारीच लिहून ठेवा. दोन्ही रकाने एकत्र वाचले की चित्र पुरं होतं.

याच दिवसांत आणखी तीन आवाज शिकून घ्या. दयाळ: अंधारातच, उंच तारेवरून, रंगीत शीळ. तांबट: ‘टुक्, टुक्, टुक्’, एका लयीत, दुपारीसुद्धा. पांढऱ्या गालांचा हिरवा तांबट: ‘कुट्र्रू-कुट्र्रू’, माडा-फणसांच्या परसात सगळ्यांत मोठ्याने. तांबट वाळक्या फांदीत भोक पाडून घरटं करतात. शेवग्याची मेलेली फांदी धोक्याची नसेल तर तोडू नका.

फोनवरचं आवाज ओळखणारं अॅप मदतीला ठेवा, पण त्याच्या भरवशावर यादी करू नका. भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो आणि अॅप फसतं. पक्ष्याला बोलावण्यासाठी त्याचाच आवाज वाजवणं मात्र विणीच्या काळात पूर्ण बंद. नर घरटं सोडून प्रतिस्पर्धी शोधत फिरतो.

थंडीचे पाहुणे पक्षी परत कधी जातात?

बहुतेक मार्च-एप्रिलमध्ये, काही मे लागेपर्यंत रेंगाळतात. परसात दिसणाऱ्यांपैकी पाटाच्या पाण्याशी शेपूट हलवणारा करडा धोबी, शेंड्यांवरून ‘चिस्-वी’ असा दोन तुकड्यांचा आवाज देणारा हिरवट वटवट्या, राखी कोतवाल, पिवळाधमक हळद्या आणि पाचोळ्यात उड्या मारणारा नवरंग हे सगळे पाहुणे. दोन घोटाळे नेहमी होतात. काळ्या डोक्याचा हळद्या कायमचा रहिवासी आहे. डोळ्यापाशी फक्त काळी पट्टी असलेला तो पाहुणा. आणि काळा-पांढरा मोठा धोबी इथलाच, त्याला यादीत घेऊ नका.

‘शेवटचा दिसला’ ही तारीख ‘पहिला दिसला’पेक्षा कठीण, कारण शेवटच्या दिवशी तो शेवटचा आहे हे माहीत नसतं. म्हणून मार्चपासून या पाच नावांपुढे प्रत्येक बैठकीला हो किंवा नाही असं लिहायचंच.

सूर्यपक्षी दिवसभर गाडीच्या आरशावर टोचा मारतो. वेडा झालाय का?

वीण सुरू झाली आहे आणि आरशातला नर त्याला घुसखोर वाटतो. आरशावर कापडी पिशवी चढवा. आरसा झाकलेला राहिला की दोन-तीन आठवड्यांत खोड जाते. उत्तर पाहायचंच असेल तर त्याचा पिसारा बघा: जांभळ्या सूर्यपक्ष्याचा नर पावसाळ्यानंतर मादीसारखा मळकट पिवळा होतो, गळ्याखाली फक्त एक काळी पट्टी. जानेवारी-फेब्रुवारीत त्या पट्टीभोवती धातूसारखी जांभळी पिसं ठिगळाठिगळांनी येतात.

घरटं सोप्याच्या वायरीला लोंबतं, कोळ्याच्या जाळ्याने बांधलेलं, साल आणि अळ्यांची विष्ठा चिकटवल्याने कचऱ्यासारखं दिसणारं. झाडलोट करताना ते हमखास ओढलं जातं. बाजूला वरच्या अंगाला भोक आणि त्यावर छोटी पडवी दिसली तर हात लावू नका. बहुधा दोन अंडी. उबवायला सुमारे दोन आठवडे, पिल्लं उडायला तेवढेच. महिनाभर दिवा लावला नाही तर काही बिघडत नाही. घरटी आणि अंडी काढणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली गुन्हाही आहे.

पक्ष्यांसाठी पाणी कसं ठेवावं? डास होतात का?

रोज बदललं तर होत नाहीत. या हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, पण ‘उद्या बदलू’ म्हणता म्हणता ते कधी उलटतात कळत नाही, आणि डेंग्यू-मलेरियाच्या गोव्यात ही जोखीम नको. बिनचकाकीचं मातीचं पसरट भांडं, ३० ते ४० सेंटीमीटर रुंद, पाणी ३ ते ५ सेंटीमीटर. खोल बादलीत पिल्लं बुडतात. झुडपापासून दीड-दोन मीटर दूर ठेवा: जवळ असलं तर मांजर दबा धरतं, फार दूर असलं तर पक्षी उतरत नाही. दोन दिवसांनी नारळाच्या शेंडीने घासा, साबण न लावता. सूर्यपक्षी भांड्यात क्वचितच उतरतात. त्यांना पाणी शिंपलेली जास्वंदीची किंवा अळूची पानं आवडतात.

लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर पक्ष्याच्या शिटीसारखं काहीतरी आहे.

फुलपाखराची अळी. लाइम किंवा कॉमन मॉरमॉन यांपैकी एकाची. कोवळ्या पानावर एकेकटं फिकट पिवळं गोल अंडं, तीन-चार दिवसांत अळी. पहिल्या चार कातींपर्यंत ती तपकिरी-पांढरी, हुबेहूब शिटीसारखी. पाचव्यात एकदम हिरवी. डिवचलं की डोक्यामागून नारिंगी-लाल दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. दोन-तीन आठवड्यांत कोष, पुढे सुमारे दहा दिवसांत फुलपाखरू. कोष उमलण्याच्या आदल्या दिवशी गडद होतो आणि आत पंखांची नक्षी दिसते. तो तपकिरी, वाळका आणि बारीक गोल छिद्राचा असला तर आतली अळी परजीवी गांधीलमाशीने खाल्ली.

मार्चात अंडी दिसेनाशी होतात ती बहुधा कोवळी पालवी नसल्यामुळे. जानेवारीअखेरीस कढीपत्त्याचा एक तृतीयांश भाग छाटा, आठवड्यातून दोनदा चार-पाच लिटर पाणी द्या. दोन-तीन आठवड्यांत पालवी येते. अळी बाटलीत भरून खिडकीत ठेवू नका, उष्णतेने मरते.

आंब्याच्या पानावरची आणखी एक अळी शोधा: कॉमन बॅरनची. ती मधल्या शिरेवर लांबट पडून राहते. अंगावर दोन्ही बाजूंना पिसासारखे हिरवे काटे, ते पानाच्या आडव्या शिरांत मिसळून जातात. पाठीवरची फिकट रेघ बरोबर मधल्या शिरेवर येते. अख्खं पान न्याहाळूनही ती सुटते. खाल्लेल्या कडांची पानं आधी शोधा आणि त्यांच्या शेजारची निरोगी पानं तपासा.

पाचोळा जाळावा की राहू द्यावा?

राहू द्या. नवरंग, सातभाई, दयाळ त्यात किडे शोधतात आणि माडाच्या आळ्यात दहा सेंटीमीटरचा थर मातीतली ओल टिकवतो. खोडाला भिडवू नका, एक वीत जागा मोकळी ठेवा. मार्चमध्ये लावलेली आग वाऱ्याबरोबर कुठे जाईल सांगता येत नाही. २०२३ च्या मार्चमधल्या आगींत म्हादई अभयारण्यासह गोव्यातल्या डोंगरांनी बरंच काही गमावलं.

मात्र घराच्या भिंतीपासून दोन मीटर स्वच्छ ठेवा. घोणस आणि फुरसं पाचोळ्यात दिसत नाहीत. हात घालण्याआधी काठीने हलवा, पायांत बंद बूट असू द्या. दंश झालाच तर बांधणं, कापणं, चोखणं नको. अवयव न हलवता १०८ ला फोन.

सत्तरीसारख्या जंगलालगतच्या भागांत आणखी एक खबरदारी. तिथे माकडतापाचे (गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या आजाराचे) रुग्ण आढळले आहेत, आणि त्याच्या गोचिडांचा जोर जानेवारी ते मे असतो. पाचोळ्यावर बसू नका, पँट मोज्यात खोचा, परतल्यावर काखा, कंबर, गुडघ्यामागे तपासा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा. आठवड्याभरात ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आपण होऊन सांगा.

न्हाणीघरात बेडूक येऊन बसलाय. बाहेर सोडू?

नको. भिंतीला चिकटणारा, बोटांना चकत्या असलेला तो झाडबेडूक. बाहेर कोरडं पडलं की ओल शोधत न्हाणी, पंपघर, विहिरीचा काठ गाठतो आणि पाऊस आला की जातो. दुपारच्या उन्हात अंगणात सोडलात तर सुकून मरेल. फिनाईल ओतताना त्याला आधी बाजूला घ्या, ओल्या हाताने.

कुळागर (पोफळी-माडांची बाग) असेल तर वेगळं काय बघावं?

पोफळीच्या खोडांवरचा उडता सरडा. सकाळी ऊन खोडावर आलं की नर गळ्याखालची पिवळी झालर पुढे-मागे फडकवतो. नुसतं खोड बघून तो दिसत नाही. ती पिवळी उघडझाप शोधा. मग तो बरगड्या पसरून पुढच्या पोफळीवर तरंगत जातो आणि आधी निघाला त्यापेक्षा खाली टेकतो. पुन्हा वर चढताना त्याला पाहणं सोपं.

आम्ही पणजीत फ्लॅटमध्ये राहतो. मग?

खिडकीतून दिसणारं रस्त्याचं एक झाड निवडा: पिंपळ, करंज, बहावा, काहीही. बाल्कनीत ३५ सेंटीमीटरच्या कुंडीत कढीपत्ता आणि दुसरीत जास्वंद. एवढ्यावर फुलपाखरू आणि सूर्यपक्षी दोन्ही येतात.

नोंदी कुठे पाठवता येतात?

झाडांच्या साप्ताहिक नोंदी सीझनवॉचवर, पक्ष्यांच्या ई-बर्डवर, अळ्या-फुलपाखरांचे फोटो आयनॅचरलिस्टवर. फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो. किमान १५ मिनिटांची यादी पुरते. फुलपाखराचा फोटो पंख मिटलेला आणि उघडा, दोन्ही बाजूंनी काढा. अनेक जाती फक्त खालच्या बाजूवरून ओळखता येतात.

मधले दोन आठवडे गावाला गेलो आणि नोंदी राहिल्या. आता?

रकाना रिकामा ठेवा आणि समोर ‘पाहिलं नाही’ असं लिहा. ‘नाही’ आणि ‘पाहिलं नाही’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. आठवणीने किंवा शेजाऱ्याला विचारून जागा भरू नका. त्या पंधरवड्यात सुरंग फुलून गेली असेल, तर झाडाखालच्या वाळलेल्या पाकळ्या बघून ‘फुलली, तारीख अनिश्चित’ एवढं लिहिता येतं, आणि ते चालतं.